अधिकाराबाहेर

पडद्यावर चौकोनच चौकोन होते. सगळ्यात वरच्या चौकोनातून रेघा निघून खालच्या चौकोनांत उतरत होत्या, तिथून आणखी खाली, आणि संचालक त्या रेघांचा माग काढत आपला चौकोन शोधत होते. महसूल होता, आरोग्य होतं, अग्निशमन होतं, पाटबंधारे होतं. पोलीस मुख्यालयाचा चौकोन तर चांगला ऐसपैस, निळा रंगवलेला होता. त्यांना वाटलं, चष्मा धुरकटलाय. त्यांनी तो काढून रुमालाने पुसला, पुन्हा लावला आणि परत वरपासून सुरुवात केली, निकालाच्या फळ्यावर आपला नंबर न सापडलेला विद्यार्थी करतो तशी. सचिव मऊ आवाजात बोलत होते. वयाने कोवळे, कानाशी केस नुकते पिकू लागलेले. राज्यातली आपत्कालीन व्यवस्था आजवर दहा ठिकाणी विखुरलेली होती, पूर आला की एकाकडे धावायचं, आग लागली की दुसऱ्याकडे. आता ते सगळं पोलीस मुख्यालयाच्या छत्राखाली येईल, एकच आदेश, एकच आवाज. टेबलाभोवतीची मंडळी माना डोलवत होती. "एक शंका आहे," संचालक म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच फार मोठा वाटला. "यात आमचं संचालनालय कुठे आहे?" सचिवांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "संचालनालय सगळीकडेच आहे, सर. आपण ते विरघळवलंय." कुणीतरी हसलं. हसणं तसं निर्विष होतं, जेवणानंतरच्या सुस्तीतलं. मग आणखी दोघे हसले. आणि मग संचालकही हसले. पुढे कित्येक दिवस त्यांना ते चौकोन आठवत नव्हते, सचिवांचा शब्दही तितकासा टोचत नव्हता. आपण हसलो, एवढंच मात्र अंघोळ करताना, बूट घालताना, घास तोंडात असताना मध्येच आठवायचं आणि घास तसाच राहायचा.

बैठक संपल्यावर ते लिफ्टकडे वळले नाहीत. लिफ्टमध्ये माणसं असतात आणि माणसं सांत्वन करतात. जिना उतरत उतरत ते तळघरात आले. तिथे त्यांचा नियंत्रण कक्ष होता. खिडकी एकही नाही, हवा सतत थंड, यंत्रांना मानवणारी, माणसांची हाडं दुखवणारी. भिंतभर राज्याचा नकाशा, फोनची रांग आणि कोपऱ्यात भोंग्यांचा फळा. शहरातल्या प्रत्येक भोंग्याचं बटण त्यावर होतं, प्रत्येकावर काचेचं झाकण. सगळ्यात खालची ओळ नदीकाठच्या वस्तीची. ऑपरेटरबाई खांद्यावरची शाल सावरत उठल्या. इतकी वर्षं याच खुर्चीत बसल्यामुळे त्यांची पाठ थोडी डावीकडे झुकली होती, जिकडे फोन होते तिकडे. "बसा, बसा," संचालक म्हणाले. "झाली मीटिंग, साहेब?" "झाली." "मग आपलं काय ठरलं?" "आपण विरघळलो." बाईंना विनोद कळला नाही. त्या साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि संचालकांना एकदम त्यांचा राग आला. हिला घडवली आपण. आली तेव्हा फोन उचलून नुसतं हॅलो हॅलो करायची. पलीकडे घर पडतंय आणि ही विचारतेय, आपलं शुभनाव? तिला शिकवलं की आधी विचारायचं कुठे, मग काय, मग किती माणसं. नाव अगदी शेवटी. नाव सांगताना माणसाला रडू फुटतं आणि मग तो उपयोगाचा राहत नाही. ती हे सगळं घटाघटा प्यायली. पण हिच्या डोळ्यांतलं हे साधं, वाट बघणारं, पुढचं काय ते साहेब सांगतील असं म्हणणारं, हे काही आपण शिकवलं नव्हतं.

बाई स्वतः नदीकाठच्या वस्तीत राहायच्या, मोठ्या बहिणीबरोबर. लग्न दोघींचंही झालेलं नव्हतं. ताईने आई-वडिलांमागे हिला वाढवलं आणि वाढवता वाढवता दोघींचीही वयं उलटली. ही ताई एक वल्ली होती. पुराची रंगीत तालीम व्हायची, म्हणजे भोंगा वाजला की वस्तीने घरं सोडून वरच्या टेकडीवर, शाळेच्या मैदानात जमायचं, तेव्हा ताई घडीचं स्टूल बगलेत मारून सगळ्यांच्या आधी टेकडीवर हजर. संचालक घड्याळ घेऊन उभे असायचे. "साहेब, आम्ही पहिला नंबर काढला," ताई म्हणायची, "आता बक्षीस म्हणून हिला रविवारी सुट्टी द्या." अख्खं मैदान हसायचं. ती तालीम संचालकांनी स्वतः बसवली होती. सुरुवातीला लोक भोंगा वाजला की खिडकीतून डोकावायचे आणि पुन्हा टीव्हीकडे वळायचे. वर्षानुवर्षं मागे लागून, दारोदार फिरून, शाळेतल्या पोरांकरवी आईबापांना लाजवून त्यांनी ती सवय वस्तीच्या पायांत उतरवली, की भोंगा वाजला की विचार करायचा नाही, चढायचं. वायुगळतीची तालीम मात्र राहून गेली होती. टेकडीला लागून शीतगृह झालं, त्याच्या टाक्यांत अमोनिया होता, तेव्हा त्यांनी तीही योजना लिहिली: वायू सुटला तर भोंगा अजिबात नाही, भोंग्याच्याच खांबांवरच्या कर्ण्यांतून सांगायचं की दारं-खिडक्या लावा, फटींत ओली फडकी कोंबा, नाकाला ओला कपडा धरा, बाहेर पडू नका. ती योजना वर गेली आणि वरच राहिली. पुनर्रचना होऊ घातली होती. नवं घर बांधताना जुन्या घराला कुणी रंग देत नाही, असं त्यांना तेव्हाच्या अवर सचिवाने समजावलं होतं.

भोंगा हे त्यांचं नावही होतं. समोर कुणी म्हणत नसे, पण ते खोलीत शिरले की बोलणं थांबायचं आणि कुणाच्या तरी घशात हसू अडकायचं, त्यावरून कळायचं. फार पूर्वी, केस काळे असताना, वरच्या धरणाचं पाणी फुगत होतं आणि परवानगी देणारे मंत्री कुठल्याशा लग्नात जेवायला बसले होते. फोनवर त्यांचा स्वीय सहायक म्हणाला, साहेब पंक्तीत आहेत. संचालकांनी फोन ठेवला, झाकण उघडलं आणि बटण दाबलं. त्या दिवशी ते या जगात पहिल्यांदाच आणि शेवटचं कुणालाही न विचारता वागले होते. छातीत एक मोकळी, थंड पोकळी झाली होती, उंचावरून उडी मारल्यासारखी. वस्ती धावली. चढावर एका म्हाताऱ्याचं हृदय थांबलं, एका पोराचा हात मोडला. आणि पाणी आलं नाही. सगळ्यात खालच्या घराच्या पायरीपर्यंत आलं, पायरी ओली केली आणि परत फिरलं. पाणी आलं असतं तर त्यांचा पुतळा उभा राहिला असता; आलं नाही म्हणून चौकशी समिती उभी राहिली. अधिकाराबाहेर जाऊन घबराट पसरवली, असा शेरा सेवापुस्तकात बसला. तो त्यांच्या बढतीच्या प्रत्येक वळणावर आधी पोचून वाट बघत असे. मुलगी वर्गात शिरली की पोरं भोंग्याचा आवाज काढायची. तिने शाळा बदलली, मग शहर बदललं, मग देश. आता फोन करायची तो आईला. आणि बायको कधी विषय काढायची नाही, पण भांडणात संचालकांचा आवाज चढू लागला की शांतपणे म्हणायची, "वाजलात का पुन्हा?" तरी नंतर बरीच वर्षं, नवी माणसं भरती झाली की, ते तळघरात त्यांना सांगायचे: आधी भोंगा, मग कागद. त्या वाक्याला त्यांच्याकडे काहीही आधार नव्हता. पण ते बोलताना ती पोकळी छातीत क्षणभर परत यायची, म्हणून बोलायचे.

पुनर्रचनेचा आदेश निघाला. संचालनालय त्या तारखेपासून संपुष्टात आलं. नियंत्रण कक्ष, फोन, फळा, नकाशा आणि ऑपरेटरबाई पोलीस मुख्यालयाकडे वर्ग झाल्या. भोंगा वाजवायचा तर मुख्यालयाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी, तोंडी चालणार नाही, असं एक कलम होतं, आणि ते वाचताना संचालकांना खात्री होती की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपणच होतो. स्वतः संचालक पदस्थापनेच्या प्रतीक्षेत. म्हणजे पगार चालू, खुर्ची नाही. निरोप समारंभही नाही, कारण ते काही निवृत्त होत नव्हते. शेवटच्या संध्याकाळी बाईंनी त्यांची चहाची कपबशी धुऊन कागदात गुंडाळून दिली. "साहेब, काही अडलं तर फोन करू ना?" "करा की." ते म्हणाले, जसं माणूस म्हणतो.

घरी त्यांनी आठवड्याभरात सगळ्या नळांच्या गळत्या बंद केल्या, विजेच्या तारा तपासल्या, जिन्यातल्या अग्निशामकाची मुदत उलटून गेल्याचं सोसायटीला लेखी कळवलं. बायको स्वयंपाकघरात वावरायची आणि ते दारात उभे राहायचे. "अहो, तुम्ही मध्ये मध्ये येता," ती म्हणायची. खरंच होतं, घरात त्यांच्या उभं राहण्याची जागा ठरलेली नव्हती. सकाळी ते पेपर उघडायचे आणि आधी जिल्ह्यांची पानं बघायचे. बरेच दिवस त्यांनी स्वतःला कळू दिलं नाही की आपण काय शोधतोय. मग एके दिवशी उत्तरेकडच्या एका जिल्ह्यात नदीला पूर आला. नव्या व्यवस्थेने, त्या निळ्या चौकोनाने, गावं वेळेवर हलवली, सचिवांचा गमबूट घातलेला फोटो आला, आणि एकही माणूस दगावला नाही. संचालक पेपर हातात धरून बसून राहिले. मनात काहीतरी खट्टू झालं. ते काय आहे, हे त्यांनी त्या दिवशी नीट बघितलं. आपल्याला हवं होतं. फार मोठं नको. मोठ्या संकटात सगळ्यांनाच माफी मिळते. लहानही नको, लहान आतल्या पानात जातं. मध्यम. ज्यात चूक व्यवस्थेची होती हे पोरालाही कळेल, असं मध्यम काहीतरी. हा विचार त्यांच्या मनात इतक्या व्यवस्थित, कारकुनी अक्षरात लिहिल्यासारखा आला की त्याची किळस यायलासुद्धा वेळ लागला. किळस आली, आणि गेली. विचार राहिला.

तो फोन दुपारी आला, जेवणं उरकल्यावर. बायको आतल्या खोलीत आडवी झाली होती. पलीकडे ऑपरेटरबाई होत्या. मागे दुसरे फोन वाजत होते, त्यांतला प्रत्येक संचालकांना आवाजावरून ओळखू येत होता. "साहेब, शीतगृहाची टाकी फुटलीय. अमोनिया. वारा वस्तीकडे आहे. शीतगृहातले कामगार पळालेत, तीन जण आत अडकलेत." कुठे, काय, किती माणसं. शिकवल्याबरहुकूम. "मुख्यालयाला कळवलं?" "ज्यांचं नाव आदेशात आहे ते साहेब कुणा पाहुण्यांच्या बंदोबस्ताच्या तालमीत आहेत, फोन बाहेर ठेवायला लावलेत. त्यांचे हाताखालचे म्हणतात, लेखी पाठवा. लेखी पाठवलंय. कुणी उघडून बघत नाही." "मग वाट बघा." "साहेब, वास वस्तीपर्यंत पोचलाय. लोकांचे फोन येताहेत, काय करू विचारताहेत. भोंगा वाजवू का?" संचालक उभे राहिले. बाल्कनीच्या दारातून त्यांना समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर दिसत होती. ती सगळी एका अंगाने फुगली होती. त्यांच्या डोळ्यांपुढे टेकडी होती, शाळेचं मैदान, त्याला लागून शीतगृहाची पांढरी भिंत. भोंगा वाजला तर वस्ती चढणार. सरळ वायूच्या तोंडात चढणार. सांगायला एक वाक्य पुरे होतं: भोंगा नको, कर्ण्यावरून सांगा, दारं लावून घरात बसा. हे वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं. ते त्यांना जिभेवर जाणवत होतं, गोळीसारखं. आणि त्याच वेळी जाणवत होती ती दुसरीच गोष्ट, ऊबदार, पसरत जाणारी: की आता सगळे आपल्या हातात आहेत. सचिव, निळा चौकोन, पंक्तीत बसलेले मंत्री, वर्गातली पोरं. आपण फक्त काही करायचं नाही. इतकी वर्षं आपण काही केलं म्हणून शिक्षा भोगली.

"बाई, मी आता कुणी नाही," ते म्हणाले. "आदेश वाचला ना तुम्ही?" "वाचला, साहेब." "मग?" पलीकडे आणखी एक फोन वाजू लागला. "साहेब, तुम्ही नुसतं हो म्हणा किंवा नाही म्हणा. मी तुमचं नाव कुठेही घेणार नाही. आईशप्पथ." "माझ्या अधिकारात नाही." "साहेब, तुम्हीच सांगायचात, आधी भोंगा..." "ते जुनं झालं." बाई थांबल्या. बहिणीचं नाव त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर, असं संचालकांना पुढे अनेकदा वाटलं. वाटल्यावर थोडं हलकंही वाटायचं, जणू दोष त्या न घेतलेल्या नावाचा होता. पण ताई वस्तीत आहे, दुपारची घरातच असते, हे त्यांना त्या क्षणी ठाऊक होतं, तितकंच ठाऊक होतं जितकी समोरची चादर. "बरं, साहेब," बाई म्हणाल्या. त्या स्वरात तक्रार नव्हती. संचालकांनी फोन ठेवला.

आतून बायकोने विचारलं, "कोण होतं?" "ऑफिसातून." "काय म्हणतात?" "काही नाही. आठवण आली असेल." ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खाली एक बाई भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत चालली होती. अजून वेळ होता. फोन पुन्हा उचलायचा, नंबर बोटांना पाठ होता. त्यांनी स्वतःला सांगितलं, बाई वाजवणार नाहीत. नियम पाळतील. नियम पाळला तर निम्मी माणसं तशीही घरात राहतील. मग भोंगा सुरू झाला. लांबून, आधी खर्जात, मग वर चढत, एकाला दुसरा जोडला जात. रस्त्यावरची पिशवीवाली थांबली आणि वर बघू लागली. बायको केस बांधत बाहेर आली. "अहो, भोंगा वाजतोय." "ऐकतोय." "पूर कसा येईल आता?" "पूर नाही." ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने तीस वर्षं या माणसाबरोबर काढली होती आणि त्याचा चेहरा तिला वाचता येत होता, आवडत नसला तरी. वस्तीच्या पायांना शिकवलेलं, विचार करायचा नाही, चढायचं. संचालकांच्या कानांत भोंग्याच्या खाली दुसरा आवाज होता: चपलांचा, कड्यांचा, एकमेकांना हाका मारणाऱ्या माणसांचा. तो खरा ऐकू येणं शक्य नव्हतं, इतकं अंतर होतं. त्यांनी बाल्कनीचं दार लावून घेतलं. आत आवाज बराच कमी झाला. बायको उभीच होती. मग ती सावकाश म्हणाली, "तुम्हाला विचारलं होतं ना? मघाशी फोनवर." त्यांनी दाराची कडी सरकवली. "आणि तुम्ही काही सांगितलं नाहीत." त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं, आता ही काहीतरी भयंकर बोलेल, आणि ते त्यासाठी जवळजवळ आसुसले होते. ती चहाचं आधण ठेवायला वळली. "शहाणे झालात म्हणायचं," ती म्हणाली. "उशिरा झालात, पण झालात."

संध्याकाळी टीव्हीवर आकडा आला. अकरा. मग सोळा. दुसऱ्या दिवशी बावीसवर थांबला. जवळजवळ सगळे मैदानात आणि मैदानाच्या चढावर सापडले होते. टीव्हीवाल्यांनी मैदान दाखवलं तेव्हा एक घडीचं स्टूल उघडलेलं, सरळ उभं, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं दिसलं. संचालकांनी चॅनेल बदललं. तिथेही मैदानच होतं. बावीस, ते मनात म्हणाले, आणि त्यापाठोपाठ, त्यांनी न बोलावता, तो शब्द आला: मध्यम. त्या रात्रीही त्यांना झोप लागली. हे त्यांना सकाळी उठल्यावर कळलं आणि ते बराच वेळ पलंगाच्या काठावर बसून आपल्या पायांच्या बोटांकडे बघत राहिले. ज्या माणसाची आपण इतकी वर्षं कीव करत आलो, अन्याय झालेला, गिळून बसलेला, तो आत कुठे आहे का, हे बघण्यासाठी त्यांनी डोळे मिटले. आत नीटनेटकं होतं. बायकोने हाक मारली तेव्हा ते उठले आणि दात घासायला गेले.

नंतरचं सगळं फार सोपं होतं. सचिव स्वतः घरी आले. बूट बाहेर काढून, पाय आखडून सोफ्याच्या टोकावर बसले. मऊ आवाज आता थोडा फाटला होता. "सर, तुमचा मुद्दा खरा ठरला," ते म्हणाले. कुठला मुद्दा, हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं; पडद्यावर चौकोन नव्हता आणि आता बावीस माणसं नव्हती, या दोन गोष्टी लोकांनी एकत्र जोडल्या होत्या. पेपरांत संचालकांचा जुना फोटो छापून आला होता, घड्याळ हातात घेऊन टेकडीवर उभे असतानाचा. ज्या माणसाने ही वस्ती तयार केली त्याला घरी बसवलं, असं खाली लिहिलं होतं. सरकार पुन्हा पुनर्रचना करत होतं. पोलीस मुख्यालयाकडून हे काम काढून स्वतंत्र प्राधिकरण होणार होतं, थेट मुख्य सचिवांच्या हाताखाली, आणि त्यावर तुम्ही, सर. जुना शेरा काढून टाकायचंही बघतो, सचिव म्हणाले. "आणि भोंग्याची चौकशीही तुम्हीच करावी असं वरचं म्हणणं आहे. तुमच्याइतकं हे कुणाला कळतं?" बायकोने सचिवांना चहाबरोबर काजू ठेवले. मुलीने परदेशातून फोन केला आणि आईला म्हणाली, बाबांकडे दे. "बाबा, अभिनंदन," ती म्हणाली. बऱ्याच वर्षांनी तिचा आवाज इतक्या जवळून ऐकताना संचालकांच्या लक्षात आलं की तो आता बायकोसारखा झालाय.

नवी खोली वरच्या मजल्यावर होती, तिला मोठ्या खिडक्या होत्या. चौकशीला पोलीस मुख्यालयाचे अधिकारी येऊन गेले, त्यांनी बंदोबस्ताच्या तालमीचा आदेश दाखवला. हाताखालचे येऊन गेले, त्यांनी लेखी परवानगीचं कलम दाखवलं. शीतगृहाच्या मालकाचा वकील येऊन गेला. कुणी कुणाला फोन केला हे खणायची कुणालाच हौस नव्हती. त्या दुपारी प्रत्येकालाच कुणी ना कुणी फोन केला होता आणि प्रत्येकानेच कुणाला तरी वाट बघायला सांगितलं होतं. शेवटी ऑपरेटरबाई आल्या. शाल नव्हती. उजेडात त्या अनोळखी वाटल्या. संचालकांनी त्यांना इतक्या वर्षांत तळघराबाहेर फारसं पाहिलंच नव्हतं. खुर्चीत बसल्यावर पाठ डावीकडे झुकली. बाजूला स्टेनो बोटं यंत्रावर ठेवून बसला होता.

"भोंगा कुणाच्या आदेशाने वाजवला?"

"माझ्याच मनाने."

"तसा अधिकार होता?"

"नव्हता."

"वाजवण्याआधी कुणाचा सल्ला घेतला?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. संचालकांच्या हातातलं पेन थांबलं. हिने आता सांगितलं तर काय होईल, हे त्यांनी आधीच योजून ठेवलं होतं: शोकाने डोकं फिरलंय, कुणावरही आळ घेतेय. उत्तर तयार होतं. आणि तरी, पेन धरलेला हात टेबलावर असताना, त्यांना एकदम तीव्रपणे वाटलं की हिने सांगावं. आत्ता, स्टेनोसमोर, मोठ्याने. निदान या जगात एका माणसाला ते ठाऊक आहे असं उघड व्हावं. "कुणाचाच नाही," बाई म्हणाल्या. स्टेनोची बोटं चालली. त्यांना तिचा राग आला, पडद्यावरच्या चौकोनांच्या दिवशी आला होता त्याहून जास्त, आंधळा, हिशेब न ठेवणारा राग. शब्द पाळतेय. आपल्यावर उपकार करतेय, आणि हे उपकार आपल्याला मरेपर्यंत वाहायला लावतेय.

"नीट आठवून सांगा," ते म्हणाले.

"आठवतंय, साहेब. फोन उचलणारं कुणी नव्हतं."

"लोक टेकडीवर गेले ते भोंगा वाजला म्हणून. वाजला नसता तर घरात राहिले असते आणि बरेचसे वाचले असते. हे तुम्हाला मान्य आहे?"

हा प्रश्न ठरलेल्या प्रश्नांत नव्हता. बाईंचे ओठ कोरडे पडले होते, त्या ते जिभेने ओले करत राहिल्या. "मान्य आहे."

"मृतांमध्ये तुमच्या नात्यातलं कुणी होतं?"

"बहीण."

"सख्खी?"

"साहेब, तुम्ही तिला..." त्या थांबल्या. खिडकीतून आलेला उजेड त्यांच्या तोंडावर होता आणि त्यांना डोळे नीट उघडता येत नव्हते. "सख्खी. मोठी."

"सख्खी मोठी बहीण मयत," संचालकांनी स्टेनोला सांगितलं, आणि पुढचंही लगेच सांगून टाकलं, बाई समोर बसलेल्या असतानाच, सेवेतून काढून टाकण्याच्या शिफारशीपर्यंत, एकही शब्द न अडखळता. वाचून दाखवू का, स्टेनोने विचारलं. बाईंनी मान हलवून नको म्हटलं आणि जिथे सही करायची तिथे केली. मग त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि इतकी वर्षं पाळी संपल्यावर म्हणायच्या तसं म्हणाल्या, "येते, साहेब."

"या," संचालक म्हणाले.

दार लागलं. स्टेनोची बोटं यंत्रावर तशीच होती. "साहेब, हे 'या' लिहू का?"

"नको," ते म्हणाले. "पुढच्याला पाठवा."